दोन पेट्या आणि इवलीचं दार

आमच्या घरात एक मुंगी राहायची. काळी. बारीक. तिळाएवढी. तिचं नाव इवली.

घर आमचं होतं. दोनच खोल्यांचं. पण इवलीला वाटायचं, घर तिचंच आहे आणि आम्ही आपले पाहुणे.

दाराजवळ शहाबादी फरशी होती. फरशीला एक फट होती. ती फट म्हणजे इवलीच्या घराचं दार. आत इवलीची आई. आत इवलीच्या बहिणी. किती बहिणी? मोजू नका. मोजता मोजता झोप लागेल, आणि गोष्ट राहील अर्धी.

एका रविवारी इवली म्हणाली, "आई, आज साखर मी आणते. एकटी."

आई म्हणाली, "जा. पण लवकर ये हं. मी दारात बसते. तू आलीस की मगच उठते."

तुरु तुरु तुरु. इवली निघाली.

तुरु तुरु तुरु. स्वयंपाकघरात आली.

साखरेच्या डब्याचं झाकण तिरकं होतं. आमच्याकडे ते नेहमीच तिरकं असायचं. इवलीनं एक कण घेतला. डोक्यावर ठेवला. पांढरा शुभ्र. चमचम चमचम.

तुरु तुरु तुरु. इवली परत आली.

बघते तर काय! दारच नाही!

दारावर बसली होती एक पिशवी. लठ्ठ. ऐसपैस. आमच्या बाबांची जुनी पँट होती ना, तिची आमच्या आईनं शिवलेली. पँटचा एक खिसा अजून तसाच होता. पिशवीच्या पोटात बटाटे. खूप बटाटे.

इवली म्हणाली,

"पिशवीताई, पिशवीताई, उठ ना!
माझं दार उघडत नाही.
आई माझी वाट बघते.
मला घरी जायचंय!"

पिशवी म्हणाली, "फस्स! मी नाही उठणार. मला इथं आत्तापुरतं ठेवलंय. माझी जागा खुंटीवर. खुंटीवर बसलीय छत्री. छत्री उतरेल, तर मी उठेन."

आत्तापुरतं! हा शब्द लक्षात ठेवा. आमच्या घरातला तो सगळ्यात लाडका शब्द. आत्तापुरतं म्हणजे काय? म्हणजे थोडा वेळ. म्हणजे एक दिवस. म्हणजे दोन दिवस. म्हणजे कोण जाणे किती दिवस!

इवली काय करणार? निघाली. तुरु तुरु तुरु. भिंतीवर चढली.

खुंटीवर लटकली होती छत्री. काळी. लांब नाकाची.

इवली म्हणाली,

"छत्रीमावशी, छत्रीमावशी, उतर ना!
पिशवी उठत नाही.
माझं दार उघडत नाही.
आई माझी वाट बघते.
मला घरी जायचंय!"

छत्री म्हणाली, "फडफड! मी नाही उतरणार. मला इथं आत्तापुरतं ठेवलंय. माझी जागा दारामागं. दारामागं बसलीय केरसुणी. केरसुणी हटेल, तर मी उतरेन."

तुरु तुरु तुरु. इवली खाली उतरली. तुरु तुरु तुरु. दारामागं गेली.

दारामागं उभी होती केरसुणी. अंधारात इवलीला नीट दिसलं नाही. तिचा पाय लागला केरसुणीला. केरसुणीला पाय लागला तर काय करायचं? बरोबर! नमस्कार करायचा. पण इवलीला पाय किती? सहा! सहाही पाय लागले. मग इवलीनं सहा नमस्कार केले.

इवली म्हणाली,

"केरसुणीकाकू, केरसुणीकाकू, हटा ना!
छत्री उतरत नाही.
पिशवी उठत नाही.
माझं दार उघडत नाही.
आई माझी वाट बघते.
मला घरी जायचंय!"

केरसुणी म्हणाली, "सळसळ! गुणाची गं बाई तू. पण मी नाही हटणार. मला इथं आत्तापुरतं ठेवलंय. माझी जागा कोपऱ्यात. कोपऱ्यात बसलेत पाट. पाट सरकतील, तर मी हटेन."

तुरु तुरु तुरु. इवली कोपऱ्यात गेली.

कोपऱ्यात बसले होते चार पाट. एकावर एक, एकावर एक. एक बाबांचा. एक आईचा. एक पाहुण्यांचा. आणि एक छोटा, इवलासा, पितळी फुलं ठोकलेला. तो निमूचा. निमू म्हणजे आमच्या घरातली तीन वर्षांची मुलगी. पाटावर बसायची आणि वाटीतला आमरस पाटाला खाऊ घालायची.

इवली म्हणाली,

"पाटकाका, पाटकाका, सरका ना!
केरसुणी हटत नाही.
छत्री उतरत नाही.
पिशवी उठत नाही.
माझं दार उघडत नाही.
आई माझी वाट बघते.
मला घरी जायचंय!"

पाट म्हणाले, "खट खट! आम्ही नाही सरकणार. आम्हाला इथं आत्तापुरतं ठेवलंय. आमची जागा खाटेखाली. खाटेखाली बसलीय पेटी. पेटी हलेल, तर आम्ही सरकू."

इवलीनं डोक्यावरची साखर नीट केली. भूक लागली होती. साखर अगदी डोक्यावरच होती. पण खाल्ली नाही हं तिनं. आईसाठी होती ना ती!

तुरु तुरु तुरु. इवली खाटेखाली गेली.

खाटेखाली बसली होती पेटी. पत्र्याची. हिरवी. वर गुलाब काढलेला. कडीला कुलूप. पोटात पाहुण्यांच्या गोधड्या आणि डांबराच्या गोळ्या. काय वास! इवली शिंकली. आक्‌छी! साखर पडली. पुन्हा उचलली.

इवली म्हणाली,

"पेटीआत्या, पेटीआत्या, हल ना!
पाट सरकत नाहीत.
केरसुणी हटत नाही.
छत्री उतरत नाही.
पिशवी उठत नाही.
माझं दार उघडत नाही.
आई माझी वाट बघते.
मला घरी जायचंय!"

पेटी म्हणाली, "खडखड! मी नाही हलणार. मला इथं आत्तापुरतं ठेवलंय. माझी जागा फडताळात. फडताळात बसलीय पेटी. पेटी निघेल, तर मी हलेन."

इवली गोंधळली. "फडताळात पेटी? पेटी तर तू!"

"मी पेटी. तीही पेटी."

"म्हणजे तू इथं आणि तूच तिथं?"

"अगं नाही गं बाई! मी पत्र्याची पेटी. ती बाजाची पेटी. मी कपडे ठेवते. ती गाणं वाजवते. नाव एक, कामं दोन. त्यातच तर सगळा घोटाळा झाला!"

"कसला घोटाळा?"

"ऐक. मागच्या रविवारी पाहुणे येणार होते. निमूच्या आईनं घर आवरायला काढलं. मला फडताळातून बाहेर काढलं. पुसलं. मग आई गेली पोळ्या लाटायला. तिथून ओरडली, 'अहो, पेटी फडताळात ठेवा!' आता आई म्हणत होती मला. बाबांना वाटलं, तिला. बाबांनी तिलाच उचललं आणि ठेवलं फडताळात. माझ्या जागेवर! तेवढ्यात पाहुणे आले दारात. मग मला ढकललं खाटेखाली. आत्तापुरतं!"

बघा, म्हणजे घर आवरायला काढलं, आणि तिथूनच पसारा सुरू झाला. आमच्या घरात असंच व्हायचं.

तुरु तुरु तुरु. इवली फडताळात चढली.

फडताळात अंधार. अंधारात बसली होती बाजाची पेटी. पांढऱ्या पट्ट्या. काळ्या पट्ट्या. पाठीला भाता. पेटी अगदी गप्प.

इवली म्हणाली,

"बाजाच्या पेटीमावशी, निघ ना!
पत्र्याची पेटी हलत नाही.
पाट सरकत नाहीत.
केरसुणी हटत नाही.
छत्री उतरत नाही.
पिशवी उठत नाही.
माझं दार उघडत नाही.
आई माझी वाट बघते.
मला घरी जायचंय!"

पेटीनं हळूच सुस्कारा टाकला. हूंऽऽऽ.

"मलाही घरी जायचंय गं," ती म्हणाली. "माझी जागा चौरंगावर. खिडकीपाशी. रोज संध्याकाळी बाबा यायचे. मला वाजवायचे. आई तांदूळ निवडायची आणि गायची. निमू माझ्याशेजारी पाय पसरून बसायची. आता आठ दिवस झाले. घरात गाणंच नाही."

"का नाही?"

"बाबांना वाटतं, आईनंच सांगितलं, पेटी फडताळात ठेवा. म्हणजे तिला गाणं नको झालं. आईला वाटतं, बाबांनी आपणहून पेटी ठेवून दिली. म्हणजे त्यांना वाजवायचं नाही. दोघंही विचारत नाहीत. दोघंही गप्प. मीही गप्प. माझ्या पोटात सा आहे, रे आहे, ग आहे. सगळे नुसते बसून आहेत."

इवलीला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

"मग निघ ना, मावशी!"

"कशी निघू? माझ्या चौरंगावर बसलीय रद्दी. रद्दी उठेल, तर मी निघेन."

तुरु तुरु तुरु. इवली खिडकीपाशी गेली. तुरु तुरु तुरु. चौरंगावर चढली. तुरु तुरु तुरु. रद्दीवर चढली.

रद्दी म्हणजे जुनी वर्तमानपत्रं. रिकामी जागा दिसली की ही आलीच! चौरंग रिकामा झाला त्याच दिवशी येऊन बसली. रोज एक थर वाढायचा. रोज जरा फुगायची.

इवली चढली वर, वर, अगदी वर. तिथं काहीतरी गार लागलं. गुळगुळीत. गोल. पाय ठेवला, आणि सुर्रर्रर्र! इवली घसरली.

"अगंबाई! हे काय गुळगुळीत?"

पलीकडे आणखी एक गोल. पुन्हा पाय ठेवला. पुन्हा सुर्रर्रर्र!

काय असेल बरं? तुम्हाला कळलं? कळलं असेल तर आत्ता सांगू नका. पोटात ठेवा.

इवली सावरली. साखर सावरली. म्हणाली,

"रद्दीआक्का, रद्दीआक्का, उठ ना!
बाजाची पेटी निघत नाही.
पत्र्याची पेटी हलत नाही.
पाट सरकत नाहीत.
केरसुणी हटत नाही.
छत्री उतरत नाही.
पिशवी उठत नाही.
माझं दार उघडत नाही.
आई माझी वाट बघते.
मला घरी जायचंय!"

रद्दी म्हणाली, "फरफर! मी नाही उठणार. मलाही इथं आत्तापुरतं ठेवलंय. मी माझी माझी उठत नसते. मला सुतळीनं बांधावं लागतं. बाबा बांधतील, तर मी उठेन."

तुरु तुरु तुरु. इवली बाबांकडे गेली.

बाबा खुर्चीत बसले होते. उशी उलटीपालटी करत होते. खिसे चाचपत होते.

"अगं, माझा चष्मा कुठाय?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जागच्या जागी ठेवाल तर सापडेल ना!"

"जागच्या जागीच ठेवला होता!"

"कुठली जागा?"

"तेच तर आठवत नाही!"

इवली खुर्चीच्या हातावर चढली. जोरात म्हणाली,

"अहो बाबा, अहो बाबा, उठा ना!
रद्दी उठत नाही.
बाजाची पेटी निघत नाही.
पत्र्याची पेटी हलत नाही.
पाट सरकत नाहीत.
केरसुणी हटत नाही.
छत्री उतरत नाही.
पिशवी उठत नाही.
माझं दार उघडत नाही.
आई माझी वाट बघते.
मला घरी जायचंय!"

पण मुंगीचा आवाज केवढा? मुंगीएवढा! बाबांना काही ऐकू आलं नाही. ते आपले म्हणत होते, "चष्मा सापडल्याशिवाय मी काही उठणार नाही. चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही. काही दिसलं नाही तर शोधू कसं?"

झालं! आता कुणाकडे जायचं?

इवली खाली आली. तुरु... तुरु... तुरु. पाय दमले. पिशवीपाशी आली. पिशवीच्या कडेला बसली. साखर शेजारी ठेवली. आणि रडायला लागली. आत आई दारात बसली असेल. "आलीस की मगच उठते," म्हणाली होती. आई अजून उठलीच नसेल. जेवलीही नसेल.

मुंगीचं रडणं कोण ऐकणार?

जो जमिनीजवळ असतो, तो ऐकतो.

निमू फरशीवर पालथी पडली होती. गाल फरशीला. फरशी कशी गार! तिला ऐकू आलं. बारीक. अगदी बारीक.

"मुंगीबाई, का गं रडतेस?"

इवलीनं सगळं सांगितलं.

"बाबा ऐकत नाहीत.
रद्दी उठत नाही.
बाजाची पेटी निघत नाही.
पत्र्याची पेटी हलत नाही.
पाट सरकत नाहीत.
केरसुणी हटत नाही.
छत्री उतरत नाही.
पिशवी उठत नाही.
माझं दार उघडत नाही.
आई माझी वाट बघते.
मला घरी जायचंय!"

निमू म्हणाली, "थांब. मी पिशवी उचलते."

निमूनं पिशवी धरली. हुं! उचलेना. हुंऽऽ! हलेना. बटाटे काही ऐकेनात. निमू धपकन खाली बसली.

"जड आहे," निमू म्हणाली. "बाबांनाच सांगते. पण बाबांचा चष्मा हरवलाय. काचेचा. गोल गोल. दोन दोन."

"काचेचा?" इवली म्हणाली. "गार?"

"हो."

"गुळगुळीत?"

"हो!"

"पाय ठेवला की सुर्रर्रर्र?"

निमूनं चष्म्यावर कधी पाय ठेवला नव्हता. तरी ती म्हणाली, "हो!"

"मग मला ठाऊक आहे! चल माझ्या मागं!"

इवलीनं साखर डोक्यावर घेतली. पुढं इवली, मागं निमू. तुरु तुरु तुरु, टप टप टप. तुरु तुरु तुरु, टप टप टप. इवली चौरंगावर चढली. इवली रद्दीवर चढली. वर, वर, अगदी वर.

आता सांगा! काय होतं तिथं?

चष्मा!

बाबांनी वर्तमानपत्र वाचलं होतं. चष्मा काढला होता. रद्दीवर ठेवला होता. आत्तापुरता!

निमूनं दोन्ही हातांनी चष्मा उचलला. टप टप टप. बाबांना दिला.

"अरे वा! कुठं होता गं?"

"मुंगीनं दाखवला."

बाबा हसले. मोठ्या माणसांना असं काही सांगितलं की ती हसतात. पण त्यांनी चष्मा घातला. आणि चष्मा घातल्यावर त्यांना दिसायला लागलं.

आधी दिसली रद्दी. "अरेच्चा! पेटीच्या चौरंगावर रद्दी? ही कुणी ठेवली?"

"तुम्हीच," आई बाहेर येत म्हणाली. "पेटी तुम्ही फडताळात ठेवलीत. चौरंग रिकामा पडला होता."

"मी ठेवली? अगं, तूच म्हणालीस, पेटी फडताळात ठेवा!"

"अहो, ती पत्र्याची! गोधड्यांची! बाजाची पेटी कोण ठेवायला सांगेल फडताळात?"

बाबा आईकडे बघत राहिले. आई बाबांकडे बघत राहिली.

"म्हणजे तुला गाणं नको झालं नव्हतं?" बाबा म्हणाले.

"मला? मला वाटलं, तुम्हालाच नकोय," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यातच ती हसायलाही लागली. बाबाही हसायला लागले. निमूला काही कळलं नाही. पण तीही हसली. सगळे हसतात म्हटल्यावर आपण का मागं राहायचं?

मग काय!

बाबा उठले. सुतळी आणली. रद्दी बांधली.

रद्दी उठली. फरफर!

बाजाची पेटी निघाली. चौरंगावर बसली. हूंऽऽऽ!

पत्र्याची पेटी हलली. फडताळात बसली. खडखड!

पाट सरकले. खाटेखाली गेले. खट खट खट खट! चार पाट ना, म्हणून चारदा.

केरसुणी हटली. कोपऱ्यात उभी राहिली. सळसळ! जाता जाता निमूचा पाय लागला. निमूनं एकच नमस्कार केला. तिला पाय दोनच होते, आणि लागला होता एकच.

छत्री उतरली. दारामागं गेली. फडफड!

पिशवी उठली. बटाटे गेले टोपलीत. पिशवी चढली खुंटीवर. फस्स!

आणि इवलीचं दार उघडलं.

दारात आई बसली होती. जिथं बसते म्हणाली होती, तिथंच.

"आलीस?"

"आले."

"उशीर झाला गं."

"आई, साखर!"

आईनं साखर घेतली नाही. आधी इवलीला जवळ घेतलं. सहा पायांनी घट्ट. साखरेला काय, ती नंतरही गोडच राहते.

संध्याकाळी बाबा चौरंगापाशी बसले. भाता हलवला. हूंऽऽऽ. बोटं ठेवली. सा. रे. ग. आई ताटात तांदूळ घेऊन आली. निवडायला लागली. गायला लागली. निमू पाय पसरून बसली. मग उठली. साखरेच्या डब्यात हात घातला. चिमूटभर साखर घेतली. फरशीच्या फटीपाशी ठेवली.

आई म्हणाली, "काय गं करतेस?"

निमू म्हणाली, "मुंगीला साखर घालतेय."

 साखरेच्या डब्याचं झाकण आईनं त्या दिवशीही तिरकंच ठेवलं. आता मला वाटतं, ते ती मुद्दामच ठेवायची.

निमू कोण, ते कळलं का तुम्हाला? ती निमू म्हणजे मी.

ते दोन खोल्यांचं घर आता आमचं नाही. ती हिरवी पेटी गंजून गेली. पाटांवर आता कुणी बसत नाही. त्या पिशवीचा खिसा तेवढा मी कापून ठेवलाय, का ते विचारू नका. बाबाही नाहीत आता. मला त्यांची आठवण येते. खूप येते.

पण बाजाची पेटी आहे. माझ्याकडेच आहे. खिडकीपाशी.

काल तिच्यावर काय होतं, सांगू? धुतलेले कपडे. एवढा ढीग! कुणी ठेवले? मीच. किती वेळासाठी?

बरोबर. आत्तापुरते!

मी चहा पीत बसले होते. म्हटलं, राहू दे, उद्या बघू. तेवढ्यात ढिगाच्या कडेनं एक मुंगी निघाली. काळी. बारीक. डोक्यावर काहीतरी पांढरं.

तुरु तुरु तुरु.

मी चहा ठेवला. उठले. कपड्यांच्या घड्या केल्या. मोजे मोज्यांत. टॉवेल टॉवेलांत. सगळे कपाटात.

मग पेटी उघडली. पांढऱ्या पट्ट्या. काळ्या पट्ट्या. त्यातली एक पांढरी पट्टी मधोमध झिजलीय. छोटासा खळगा पडलाय. तिथं बाबांचं बोट बसायचं.

मी भाता हलवला. हूंऽऽऽ.

त्या खळग्यात माझं बोट ठेवलं.

बोट बसलं. अगदी जागच्या जागी.